घाटात गाडी ओढेना: चोंदलेला एक्झॉस्ट घरी बदलायचा आहे, मदत हवी

घाटवाट | सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

शनिवारी चिपळूणहून परतताना पोफळी सोडली, कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि गाडीचा जीवच गेला. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर जाईना. मागे एसटी, तिच्यामागे दोन ट्रक आणि गाडीत आई. पहिल्या गिअरवर रांगत कसाबसा माथा गाठला. थांबून बॉनेट उघडलं, तर अंधारात मॅनिफोल्डखालचा (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपाखालचा) डबा निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. तो गार व्हायला तासभर थांबलो आणि मग उंब्रजपर्यंत चाळीसच्या वेगाने आलो.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, पुणे पासिंग, १,१८,००० किमी. चार-पाच महिन्यांपासून सिग्नलला उभी असताना थरथरायची. चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लुकलुकायचा आणि आपोआप विझायचा. विझतोय म्हणून मी तशीच चालवत राहिलो.

तो डबा म्हणजे कॅट, अर्थात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मेकॅनिकचं म्हणणं असं, "कॅट चोंदलाय. डबा उघडून आतली जाळी फोडतो, पाइप मोकळा होईल. दीड हजार द्या. नवीन टाकायचा तर मजुरी धरून अठ्ठावीस हजार." जाळी फोडायला मी नाही म्हणालो. आईला दमा आहे, आणि आमचं घर रस्त्याला लागून तळमजल्यावर आहे. रोज सकाळी गाडी तिच्याच खिडकीखाली सुरू होते.

साताऱ्याला मामाच्या घरी अंगणात सपाट कोबा आहे. जॅक आहे, पान्यांचा संच आहे, मेव्हणा मदतीला येतो म्हणालाय. ब्रेक पॅड आणि क्लच केबल मी स्वतः बदलली आहे, एक्झॉस्टला मात्र कधी हात लावलेला नाही. कॅटच चोंदलाय याची खात्री कशी करू? हे काम घरी जमेल का? आणि नेमकं काय काय बदलावं लागेल?

---

पाना१०१२ | सोमवार, रात्री

काम घरी होतं, पण भाग आणायची घाई करू नका. कॅट आपण होऊन चोंदत नाही, कशाने तरी चोंदतो. ते "कशाने तरी" सापडायच्या आधी नवीन बसवलात, तर तोही काही महिन्यांत असाच जाईल.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकणं आणि नुसता पेटून राहणं यात फरक आहे. लुकलुकतो तेव्हा गाडी सांगत असते की एखादं सिलिंडर मिसफायर करतंय आणि त्यामुळे कॅट आत्ता, या क्षणी जळतोय. त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल आणि हवा दोन्ही पुढे जातात आणि कॅटमध्ये पेटतात. आतली जाळी सिरॅमिकची असते. नेहमीच्या वापरात ती सहाशे-आठशे अंश सहज सोसते. पण आतच पेट्रोल जळायला लागलं की ती वितळते, भोकं बुजतात आणि आत काचेसारखा गोळा होतो. तुम्हाला लाल दिसला तो डबा हाच.

आता तपासणी. तीन गोष्टी करा.

पहिली: ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा आणि कोड इथे लिहा. ब्लूटूथवाला साधा चालेल.

दुसरी: व्हॅक्युम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणारा काटा) इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या पाइपाच्या, एखाद्या नळीला जोडा. इंजिन गरम असताना आयडलला समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दिसायला हवं. पुणे-सातारा उंचावर आहे, तिथे साधारण दोन इंच कमी धरा. मग अडीच हजार आरपीएमवर स्थिर धरा. मोकळ्या एक्झॉस्टमध्ये काटा क्षणभर पडतो आणि वर येऊन थांबतो. चोंदलेल्यात तो हळूहळू खाली घसरत राहतो, कारण जळलेला वायू बाहेरच पडत नाही.

तिसरी, आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते ती: कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावा. आयडलला दाब सव्वा पीएसआयच्या आत आणि अडीच हजारला तीनच्या आत असेल तर एक्झॉस्ट मोकळा आहे. गेज नसेल तर नुसता सेन्सर काढून इंजिन रेझ करून पाहा. आवाज भयंकर येईल, पण इंजिन एकदम मोकळं फिरायला लागलं तर अडथळा पुढे आहे हे नक्की. त्या भोकातून तापलेला वायू येतो, वायरी आणि हात दूर ठेवा. अशा अवस्थेत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

---

हायवे_चार | मंगळवार, सकाळी

माझं मत वेगळं आहे. माझ्या गाडीचा कॅट दोन वर्षांपूर्वी रिकामा केला. पिकअप छान आहे, ॲव्हरेजही पडलं नाही. दहा वर्षं जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला?

---

रसायनवाला | मंगळवार, दुपारी

हायवे_चार, तुमच्या गाडीला त्रास झाला नाही हे खरं असेल. त्रास होतो तो मागे उभ्या असलेल्या माणसाला.

त्या जाळीच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर असतो आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण. डबा साधारण अडीचशे-तीनशे अंशांना तापला की काम सुरू होतं. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन उरतो. हे तिसरं काम मुख्यतः ऱ्होडियमचं. याच ऑक्साइडांवर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि दम्याच्या माणसाची छाती त्याने आवळते. घाटवाट यांनी आईसाठी घेतलेला निर्णय शास्त्राला धरून आहे.

आपल्याकडे हे डबे कशामुळे शक्य झाले तेही सांगतो. शिसं कॅटचं विष आहे, त्या धातूंवर त्याचा थर बसला की ते निकामी होतात. म्हणून एप्रिल १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत नव्या गाड्यांना कॅट आला तेव्हाच शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. हवेतून शिसं गेलं त्यात या डब्याचा मोठा वाटा आहे, आणि आपण तो हातोड्याने फोडतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कायद्याचंही बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. रिकाम्या डब्याने प्रामाणिक चाचणी पास होणं अवघड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंड दहा हजारांपर्यंत जातो.

---

हायवे_चार | मंगळवार, रात्री

नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं आणि दम्याचं माहीत नव्हतं. आमच्या शेजारी लहान मूल आहे, पंप वापरतं. नव्या डब्याची चौकशी मीही करतो. घाटवाट, तुम्ही कुठून घेताय ते कळवा.

---

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री

चोंदण्याचं कारण दर वेळी वितळलेली जाळी नसतं, म्हणून आमच्याकडचा अनुभव सांगते. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. इंजिन उघडून साफ केलं, तेल बदललं, तरी सुरू होऊन लगेच बंद पडायची. शेवटी मागचा सायलेन्सर उतरवला तर आत वाशिष्ठीचा गाळ विटेसारखा घट्ट बसलेला. पाण्याने धुतला तरी पुरता निघाला नाही, बदलावाच लागला.

दुसरं म्हणजे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कुंभारीण माशी नळकांड्यात मातीचं घर करते. बाबांच्या गाडीत मी ते स्वतः काडीने कोरून काढलंय. तुमची गाडी रोजची आहे, तुमच्याकडे हे नसेल. पण हा धागा पुढे कोणी वाचेल, त्यांनी आधी टॉर्च घेऊन नळकांड्यात डोकावावं.

खाऱ्या हवेत बोल्टांचं काय होतं तेही लक्षात घ्या. तुमची गाडी किनाऱ्याकडे नेहमी येत असेल तर बोल्ट सहज सुटतील अशी आशा धरू नका.

---

घाटवाट | गुरुवार, रात्री

सगळ्यांचे आभार. तपासणी झाली.

कोड दोन आले, पी०३०३ आणि पी०४२०. व्हॅक्युम आयडलला १६ होतं. अडीच हजारवर धरलं तर अर्ध्या मिनिटात घसरत ९ वर आलं. सेन्सर काढायला बावीसचा पाना लागला आणि गाडी गरम असल्याने तो बऱ्यापैकी सहज निघाला. गेजवर आयडललाच ४ पीएसआय दिसलं, अडीच हजारला ९ च्या वर गेलं. पुढे रेझ करायचं धाडस केलं नाही.

---

पाना१०१२ | गुरुवार, रात्री

मग शंका उरली नाही. पी०३०३ म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरचं मिसफायर, पी०४२० म्हणजे कॅट काम करेनासा झालाय. तीन नंबरची इग्निशन कॉइल दोन नंबरवर लावा आणि दोनची तीनवर. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली. तीनवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन या क्रमाने जा. गाडी तेल पीत असेल तर तेही सांगा. तेलातला फॉस्फरस कॅटवर थर धरतो आणि मग व्हॉल्व्ह सील आधी बघावे लागतील.

पेट्रोलमध्ये ओतायच्या "कॅट क्लीनर" बाटल्यांवर पैसे घालू नका. काजळी असेल तर थोडीफार जळेल, वितळलेलं सिरॅमिक कुठल्याही औषधाने परत जाळी होत नाही.

आता काम. जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच माणसं जखमी होतात.

गाडी रात्रभर गार होऊ द्या. कोब्यावर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पुढची बाजू जॅकने उचला आणि दोन्हीकडे घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा. जॅकवर उभ्या गाडीखाली एक मिनिटही जायचं नाही, "फक्त एक बोल्ट बघतो" म्हणूनही नाही. घोड्या बसल्यावर गाडी दोन्ही हातांनी हलवून पाहा, मगच खाली शिरा. डोळ्यांना गॉगल हवाच, गंज थेट डोळ्यात पडतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

आदल्या रात्री प्रत्येक नटबोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. गोटी (नटावर बसणारं पान्याचं तोंड) सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकते. नट सुटत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सोडवा. गंजाची पकड मोडते. तेलाने भिजलेल्या भागावर ज्योत धरू नका. उष्णताच द्यायची वेळ आली तर तेल नीट पुसून, पेट्रोलची पाइप कुठून जाते ते पाहून, शक्यतो वेल्डरकडून द्या. मॅनिफोल्डचा स्टड तुटला तर घाबरू नका. उरलेल्या तुकड्यावर नट ठेवून वेल्ड करतात, त्या उष्णतेनेच स्टड ढिला पडतो.

क्रम असा: हीट शील्ड, दोन्ही सेन्सर, खालच्या स्प्रिंगवाल्या जोडाचे बोल्ट, मग मॅनिफोल्डचे नट. सायलेन्सरच्या रबरांना साबणाचं पाणी लावा, सरकन निघतात. तेल लावू नका, रबर फुगतं.

गॅस्केट सगळी नवीन. जुनी "चांगली दिसतात" म्हणून परत लावली की हमखास फुसफुसतात. आणि एक्झॉस्टच्या जोडाला साधं सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर मरतो.

बसवताना सगळे जोड आधी बोटांनी आवळा. पूर्ण लाइन टांगून ती बॉडीला किंवा ॲक्सलला कुठे टेकत नाही ना ते पाहा. मग पुढून मागे आवळत या. मॅनिफोल्डचे नट मधून कडेला, दोन-तीन फेऱ्यांत, आणि टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला.

---

मिशिगनवरून | शुक्रवार, पहाटे

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे एक्झॉस्ट बदलणं हा घरगुती कामांतला नेहमीचा प्रकार. दोन गोष्टी सांगतो. गंजलेला नट पाव तास भांडूनही सुटला नाही तर नट स्प्लिटरने चिरून टाका, नवा नट स्वस्त पडतो. आणि गॅरेजचं दार बंद करून इंजिन कधीही सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतंय हे कळेपर्यंत उठून बाहेर येण्याची ताकद गेलेली असते. तुमचं अंगण उघडं आहे ते उत्तम.

इथे मूळ कॅटवर केंद्र सरकारच्या नियमाने ८ वर्षं किंवा ८०,००० मैल वॉरंटी द्यावी लागते. एका डब्याकडून किती टिकण्याची अपेक्षा ठेवायची याचा त्यावरून अंदाज येईल.

---

घाटवाट | रविवार, रात्री

कॉइलच निघाली. अदलाबदल केल्यावर कोड पी०३०२ झाला. नवीन कॉइल आणि चारही प्लग टाकले. थरथर तिथेच थांबली. तेल गाडी पीत नाही, दोन सर्व्हिसमध्ये पातळी जेमतेम उतरते.

आज सकाळी सातला काम सुरू केलं. हीट शील्डचे तीन बोल्ट सुटले, चौथ्याचं डोकं तुटलं. मॅनिफोल्डच्या पाच नटांपैकी चार रात्रभराच्या तेलाने सुटले. पाचवा स्टडसकट फिरायला लागला आणि तुटला. मेव्हणा गावातल्या वेल्डरदादांना घेऊन आला. त्यांनी आधी सगळं फडक्याने कोरडं पुसून घेतलं, तुम्ही लिहिलं होतं तसा नट ठेवून वेल्ड केला, दोन मिनिटं थांबले आणि पान्याने हलकेच फिरवला. स्टड निघाला तेव्हा आम्ही तिघंही हसलो.

डबा उजेडात धरला. जाळीचा पुढचा अर्धा भाग वितळून काळपट गोळा झालेला, आणि मागून एक कोपरा चक्क गायब. मोकळी भोकं बोटांवर मोजण्याइतकी.

नवीन डबा एका सुट्या भागांच्या दुकानातून घेतला, बीएस-४ साठीचा, बिलासह. अस्सल कंपनीचा परवडला नाही. गॅस्केट नवी. पुढचा सेन्सर जुनाच ठेवला, मागचा काढताना त्याची वायर तुटली म्हणून तो नवा.

पण अडचण आहे. गाडी पहिल्यापेक्षा खूप बरी चालते, तरी चार हजारच्या वर अजून ओढ नाही. व्हॅक्युम आता १७, अडीच हजारवर धरलं की १४ वर घसरतं. एवढं करून काय राहिलं असेल?

---

पाना१०१२ | रविवार, रात्री

तो गायब कोपरा कुठे गेला, ते शोधा.

मागचा सायलेन्सर उतरवून हलवा. जाळी फुटली की तिचे तुकडे वायूबरोबर पुढे जातात आणि मधल्या रेझोनेटरमध्ये नाहीतर मागच्या सायलेन्सरच्या आतल्या पडद्यांमध्ये अडकतात. मी हे विचारायला हवं होतं. डबा काढलात तेव्हाच मागची लाइनही उतरवा म्हणायला पाहिजे होतं, ते माझ्याकडून राहिलं.

---

घाटवाट | बुधवार, रात्री

पाना१०१२, तुम्ही म्हणालात तेच. काल संध्याकाळी मागचा सायलेन्सर उतरवला. हलवल्यावर खुळखुळ्यासारखा वाजत होता. उलटा करून आपटला तर मूठभर राखाडी तुकडे पडले, काहींवर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं स्पष्ट दिसत होती. रेझोनेटरमधूनही थोडे निघाले, पण आत अजून वाजतंय. शिवाय सायलेन्सरचा तळ आतून गंजून पापुद्र्यासारखा झालेला. मग अर्धवट कशाला ठेवायचं? मधला पाइप रेझोनेटरसकट, मागचा सायलेन्सर, स्प्रिंगवाल्या जोडाचं गोल गॅस्केट आणि सगळी रबरं नवीन आणली. आज अडीच तासांत लाइन बसली.

गळती तपासायला मेव्हण्याने नळकांड्यावर ओलं फडकं धरलं आणि मी गार इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. मधल्या जोडाला बुडबुडे आले, आणखी आवळल्यावर थांबले. सुरुवातीला निळसर धूर आणि करपल्याचा वास आला, दहा मिनिटांत गेला. नव्या पाइपांवरचं तेल असावं.

व्हॅक्युम १७, अडीच हजारवर धरल्यावर १८ वर जाऊन थांबतं. काटा एका जागी उभा राहिलेला पाहून काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

खर्च: डबा, मागची लाइन, सेन्सर, कॉइल, प्लग, गॅस्केट आणि वेल्डरदादा मिळून एकवीस हजार आठशे.

एक प्रश्न आहे. नव्या सायलेन्सरच्या खालून थेंब थेंब पाणी पडतंय आणि तिथे एक बारीक भोक आहे. हे वेल्ड करून बुजवू का?

---

रसायनवाला | बुधवार, रात्री

अजिबात बुजवू नका. पेट्रोल जळल्यावर पाण्याची वाफ होतेच, गार सायलेन्सरमध्ये तिचं पाणी होतं, आणि ते जावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं. छोट्या-छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच राहतं आणि तळ गंजतो. तुमचा जुना असाच गेला असेल. आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा.

जुना डबा दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका आणि घरी फोडूही नका. जाळीभोवती गुंडाळलेल्या चटईचे धागे आणि सिरॅमिकची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. आत मौल्यवान धातू आहेत. पिशवीत बांधून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या.

---

हायवे_चार | गुरुवार, सकाळी

मी माझ्या गाडीसाठी डबा मागवला. आधी स्कॅनर लावणार आहे, कोड आला तर इथेच टाकतो.

---

घाटवाट | रविवार, रात्री

शुक्रवारी पीयूसी काढली, इंजिन गरम करून. कार्बन मोनॉक्साइड ०.०३ टक्के, हायड्रोकार्बन ४१ पीपीएम. पी०४२० परत आलेला नाही.

आज आईला घेऊन चिपळूणला जाऊन आलो. येताना पोफळीपासून माथ्यापर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी सहज चढली. माथ्यावर मुद्दाम थांबलो, बॉनेट उघडून डबा पाहिला. काळाच होता. आईने खाली उतरून कोयनेच्या बाजूची हवा घेतली आणि म्हणाली, "आज करपल्याचा वास नाही रे."

वाशिष्ठीकाठ ताई, पुढच्या वेळी येईन तेव्हा तुमच्या बाबांच्या गाडीचं नळकांडंही टॉर्चने बघू.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, रात्री

नक्की या. बाबांची गाडी पावसाळाभर उभीच होती, कुंभारणीने पुन्हा घर केलंय की काय ते पाहायचंच आहे.